तार बसली, आता पुढे काय?

वाचकांचे प्रश्न : मुलांचे दात

दातांना तार बसवायची की नाही, हा प्रश्न बऱ्याच घरांत सुटलेला असतो. या वेळी आलेली पत्रे त्याच्या पुढची आहेत : दर महिन्याचा खर्च, सोललेला गाल, तुटलेले ब्रॅकेट (तार धरून ठेवणारा, दातावर चिकटवलेला छोटा तुकडा), डब्यात काय द्यायचे. उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतात आणि एवढ्या काळात या बारीकसारीक गोष्टीच घराला जेरीस आणतात. म्हणून सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

मुलगी अकरा वर्षांची आहे. डॉक्टरांनी तारेचे ४२,००० रुपये सांगितले. आमचे किराणा दुकान आहे, एकदम एवढे निघत नाहीत. यात सगळे आले का? पुढे आणखी मागितले तर काय करायचे?
— एक आई, तासगाव

विचारल्याशिवाय ‘सगळे आले’ असे धरू नका. सांगितलेल्या रकमेत ब्रॅकेट, तारा, दर महिन्याची तपासणी आणि शेवटी तार काढणे एवढे सहसा येते. त्याबाहेर काय राहते ते दवाखान्यागणिक बदलते, आणि वाद तिथेच होतात. म्हणून तार बसवण्याआधी पुढच्या गोष्टींचे उत्तर लेटरहेडवर लिहून मागा. ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) आणि बाजूने काढायचा चेहऱ्याचा एक्स-रे यात आहे का? दात काढावे लागले तर त्याचे पैसे वेगळे का? (दातांची गर्दी फार असेल किंवा दात पुढे आलेले असतील, तर बऱ्याचदा चार उपदाढा (सुळ्यांमागचे दात) काढतात. चार दातांचे पैसे म्हणजे लहान रक्कम नव्हे.) किडलेले दात भरणे आणि सफाई धरली आहे का? ब्रॅकेट निघाले तर किती वेळा फुकट चिकटवणार, नंतर दर काय? ठरल्यापेक्षा उपचार सहा महिने लांबले तर? आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा प्रश्न : तार काढल्यानंतर दात जागेवर धरून ठेवणारे रिटेनर याच पैशांत आहेत की नाहीत? रिटेनरशिवाय उपचार पुरा होत नाही, पण त्याची आठवण घरच्यांना शेवटच्या महिन्यात होते.

हप्त्यांबद्दल. दवाखान्यालाच भेटीगणिक पैसे देण्याची सोय बहुतेक ठिकाणी होते, फक्त ती मागावी लागते. तुमच्या रकमेत सुरुवातीला १२,००० दिले, तर उरलेले ३०,००० वीस भेटींत १,५०० च्या हिशेबाने फिटतात. मोबाइलवरच्या ‘बिनव्याजी’ कर्जाने पैसे भरायला सांगितले तर जरा थांबा. त्यात प्रक्रिया शुल्क असते, हप्ता चुकला तर दंड असतो. मुख्य म्हणजे सगळी रक्कम पहिल्याच दिवशी दवाखान्याला मिळते. उद्या डॉक्टर बदलले किंवा तुम्ही गाव सोडले, तरी कर्ज तुमच्या नावावर चालूच राहते. ‘एकदम भरा, चार हजार कमी करतो’ याबाबतही आमचे मत हेच आहे. दोन वर्षांच्या कामाचे पैसे दोन वर्षांत द्यावेत.

मुलीला साधी धातूची तारच घ्या. दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट महाग असतात, थोडे जाड असतात, ठिसूळ असतात. खालच्या दातांवर बसवले आणि वरचे दात त्यांवर आपटत राहिले, तर वरच्या दातांची धार झिजते. पारदर्शक अलायनर (तारेऐवजी दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे) दिवसाचे २० ते २२ तास तोंडात राहावे लागतात. अकरा वर्षांच्या मुलीकडून ते होईल का, याचे उत्तर तुम्हीच देऊ शकता. दात सरळ करण्यात धातूची तार कुठेही कमी पडत नाही.

तरीही रक्कम झेपत नसेल तर दंत महाविद्यालय पाहा. तुम्हाला सांगली जवळ आहे. जिथे दंतव्यंगोपचार (ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे दात सरळ करण्याच्या) विभागात एमडीएस या पदव्युत्तर पदवीचे शिक्षण चालते, तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि दर खासगीपेक्षा बरेच कमी असतात. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. तिथे रांग असते, एका भेटीला अर्धा दिवस जातो आणि एमडीएस तीन वर्षांचे असल्याने विद्यार्थी शिकून गेला की केस दुसऱ्याकडे जाते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे केस लागली तर बहुधा तोच शेवटपर्यंत नेतो, एवढे विचारून घ्या. प्रवासाचा हिशेब मात्र मांडाच. वीस-बावीस फेऱ्या होतात. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही अर्धे, तेव्हा मुलीबरोबर बाबांऐवजी तुम्ही गेलात तर प्रत्येक फेरीला पैसे वाचतात.

आणखी दोन गोष्टी. तार बसवणारे डॉक्टर एमडीएस (ऑर्थोडॉन्टिक्स) आहेत का ते पाहा. तालुक्याच्या ठिकाणी असे तज्ज्ञ अनेकदा महिन्यातून एकदाच येतात. त्यात काही वाईट नाही, पण मध्येच तार टोचली तर कोण पाहणार, हे आधी ठरवून घ्या. दुसरे, आरोग्य विम्यात दातांचे उपचार अपघात सोडल्यास सहसा वगळलेले असतात, त्यामुळे विम्याचे पैसे गृहीत धरून बेत आखू नका. अकराव्या वर्षी काही दुधाचे दात शिल्लक असतील आणि ‘सहा महिने थांबलो तर बिघडेल का’ याला डॉक्टरांनी ‘नाही’ म्हटले, तर खुशाल थांबा. तेवढ्यात सुरुवातीची रक्कम जमते.

मुलगा १२ वर्षांचा, वजन ३६ किलो. काल संध्याकाळी तार बसवली. रात्री जेवला नाही, आज तर जास्तच दुखते आहे. गोळी द्यावी का? दर महिन्याला असेच होणार का?
— एक वडील, सिन्नर

आज जास्त दुखणे अपेक्षितच आहे. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचा अगदी पातळ थर असतो. तार दाब देते तेव्हा तो एका बाजूला चेपला जातो, तिथले रक्त कमी होते, सूज येते, मग हाड तिथे विरघळते आणि दात सरकतो. ही सूज काही तासांनी सुरू होते आणि साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरते, आठवड्यात बहुतेक जाते. त्यामुळे ‘काल बरा होता, आज बिघडला’ असे वाटून दवाखान्यात धाव घेण्याची गरज नाही.

गोळी द्या. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ३६ किलोला ३६० ते ५४०. पाचशेची एक गोळी बसते. दोन गोळ्यांत चार ते सहा तास जाऊ द्या, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. बहुतेक मुलांना दोन दिवसांत तीन-चार गोळ्या पुरतात. सिरप देणाऱ्यांनी बाटलीवरची ताकद वाचावी : ५ मिलीमध्ये १२५ आणि ५ मिलीमध्ये २५० अशा दोन्ही बाटल्या घरात असतात आणि चूक तिथेच होते. सर्दीतापाच्या औषधांतही बरेचदा पॅरासिटामॉल असते, ते मोजायला विसरू नका. आयब्युप्रोफेनने दुखणे थांबते, पण दात सरकायला जी रसायने लागतात त्यांनाच ते दाबते, म्हणून बरेच तज्ज्ञ आधी पॅरासिटामॉल सुचवतात. शिवाय पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना अंगात ताप असेल तर आयब्युप्रोफेन नकोच. ॲस्पिरिन मुलांना कधीही देऊ नये. मुलाला यकृताचा किंवा दुसरा काही आजार असेल तर गोळीआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा.

माठातले गार पाणी किंवा गार ताक घोट-घोट पाजा. सुरुवातीच्या तारा निकेल-टायटॅनियमच्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच तोंडाच्या उष्णतेने ताठ होतात, गारव्याने थोडा वेळ सैल पडतात. त्यामुळे गार घोटाने खरोखर बरे वाटते. बर्फ चावायचा मात्र नाही. उलट गरम सूप प्यायल्यावर ठणका वाढला तर घाबरू नका, कारण तेच आहे.

खाण्याला दोन दिवस मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, दहीभात, शिरा, उपमा, इडली, केळे, अंड्याची भुर्जी. चावण्याचे बळ नसते म्हणून घास जिभेने टाळूवर दाबून गिळता आला पाहिजे, ही कसोटी लावा. पोळी हवीच असेल तर आमटीत कुस्करून. तिसऱ्या दिवसापासून घावन, आंबोळी, मऊ थालीपीठ चालते.

पुढच्या वेळी तार आवळायची तारीख शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी घ्या. जास्त दुखणारा दिवस घरी जातो. घटक चाचणीच्या आदल्या दिवशीची वेळ घेऊ नका. पहिल्या वेळेइतके दर महिन्याला दुखत नाही. जाड तार घातली किंवा नवी रबरी चेन लावली, तर एक-दोन दिवस जाणवते.

कान टोचल्यावर किंवा खोट्या दागिन्यांनी मुलाला पुरळ येत असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. ती निकेलची ॲलर्जी असू शकते आणि तारेत निकेल असते.

नातीच्या गालाला आतून फोड आले आहेत. मी मध आणि हळद लावते, थोडे बरे वाटते, पण दोन दिवसांनी परत तेच. दवाखान्यातून दिलेले मेण ती टाकून देते, म्हणते चिकटतच नाही.
— एक आजी, चिपळूण

आजी, औषधाने फोड बरा होतो, पण घासणारे टोक तिथेच राहिले तर दुसरा येणारच. आधी बॅटरीच्या उजेडात पाहा की गाल कशावर घासतो आहे. शेवटच्या दाढेमागे तारेचे टोक बाहेर आले असेल, ब्रॅकेटचा हूक असेल किंवा तार बांधणाऱ्या बारीक तारेची शेपटी वर उठली असेल.

मेण न चिकटण्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच, ओले ब्रॅकेट. क्रम असा ठेवा. नातीने दात घासून चूळ भरावी. गाल बोटाने बाजूला ओढून त्या ब्रॅकेटवर कोरडा कापूस दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. तुरीच्या दाण्याएवढे मेण कोरड्या बोटांत मळून गोळी करा. ती ब्रॅकेटवर ठेवून चेपा, हिरडीच्या बाजूने आणि दाताच्या टोकाकडून, म्हणजे ती तारेखाली शिरून पकड घेते. नुसती वर ठेवली तर जिभेने पाच मिनिटांत निघते. जेवताना काढायची, जेवून दात घासल्यावर नवी लावायची. पोटात गेली तरी अपाय नाही. मेणबत्तीचे मेण वापरू नका, ते ठिसूळ असते आणि तोंडासाठी बनवलेले नसते. दातांचे मेण औषधाच्या दुकानात मिळते आणि एक डबी बरेच दिवस पुरते. दवाखान्यात मागितली तर बहुतेक ठिकाणी एखादी पट्टी तशीच देतात.

तारेची शेपटी उठली असेल तर पेन्सिलीच्या मागच्या स्वच्छ खोडरबराने हलकेच दाताकडे दाबा. मागची लांब तार टोचत असेल तर मेण लावा आणि दवाखान्यात जा. टोक कापायला त्यांना दोन मिनिटे लागतात. घरी नखे कापायच्या साधनाने कापण्याचा मोह होतो, पण कापलेला तुकडा घशात जाऊ शकतो.

जखमेला कोमट पाण्याच्या गुळण्या : एका पेल्याला अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. रात्री झोपताना साजूक तुपाचे बोट लावले तर गाल मऊ राहतो, त्याला आमची हरकत नाही. मध रात्रभर दातांवर राहिला तर तारेभोवती कीड धरते, म्हणून तो नको. तोंड आल्यावर लावायच्या काही जेलमध्ये सॅलिसिलेट असते, ती सोळा वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत. डबीवरची नावे नातीच्या आईकडून वाचून घ्या. गाल दोन-तीन आठवड्यांत सरावतो. दोन आठवड्यांनंतरही एकच जखम भरत नसेल, तर दाखवायलाच हवे.

मुलाचे ब्रॅकेट पाच महिन्यांत सहा वेळा निघाले. प्रत्येक वेळी ३०० रुपये. डॉक्टर म्हणतात कडक खातो, तो म्हणतो नाही खात. कोणाचे खरे?
— लातूरहून एक आई

दोघांचेही खरे असू शकते. कोणते ब्रॅकेट निघते, हे आधी पाहा. एका कागदावर दाताची जागा आणि तारीख लिहीत जा.

दर वेळी वेगळे ब्रॅकेट निघत असेल, तर खाणे किंवा सवय तपासा. पेनाचे टोपण चावणे, नखे खाणे, पाण्याच्या बाटलीचे झाकण दातांनी उघडणे यांनी समोरची ब्रॅकेट हमखास जातात. मात्र खालच्या त्याच एक-दोन दातांचे ब्रॅकेट पुनःपुन्हा निघत असेल, तर मुलाला बोलू नका. वरचे दात खालच्यांवर खोल बसत असतील, तर प्रत्येक घासाला वरचा दात त्या ब्रॅकेटवर आपटतो. मग मऊ भात खाल्ला तरी ते निघेल. यावर उपाय आहे. दाढांवर किंवा वरच्या दातांच्या मागे भरावाच्या मसाल्याचे छोटे उंचवटे लावतात, त्याने चावा थोडा उघडा राहतो. ‘त्याच ब्रॅकेटवर वरचा दात आपटतो का?’ हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा. तिसरा प्रकार, बसवल्यापासून दोन-चार दिवसांतच निघणारे ब्रॅकेट. चिकटवताना दातावर लाळ आली तर पकड कच्ची राहते. अशा ब्रॅकेटचे पैसे घेऊ नका, असे म्हणायला संकोच करू नका.

ब्रॅकेट चिकटवायचा पदार्थ मुद्दामच बेताने पक्का असतो. फार पक्का केला तर शेवटी काढताना दाताचे कवच निघेल. म्हणून खाण्याची काळजी टळत नाही, आणि तीनशे रुपये हा त्यातला लहान खर्च आहे. दात काढून झालेली जागा बंद होताना दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. ब्रॅकेट निघाले की तो दात थांबतो, कधी उलटा फिरतो. मग पुन्हा बारीक तारेवर यावे लागते आणि महिना-दीड महिना जातो. सहा वेळा म्हणजे किती, ते तुम्हीच मोजा. तेवढ्या फेऱ्या, तेवढ्या सुट्ट्या.

आपल्याकडे काय टाळायचे, ते सणांच्या क्रमाने सांगणे सोपे. संक्रांतीला मऊ तिळाचा लाडू चालतो, पाकाची कडक वडी आणि चिक्की नाही. गुळपोळी तुपात भिजवून तुकडे करून. हुरडा चालतो, पण त्याचा चोथा तारेत अडकतो, लगेच दात घासावेत. ऊस सोलून खाणे पूर्ण बंद. उन्हाळ्यात कैरीची फोड दातांनी तोडायची नाही, किसून किंवा मेथांबा करून द्या. मक्याचे कणीस दाण्यांनी, सुरीने काढून. दिवाळीत चकली आणि कडबोळी हे दोन मोठे शत्रू. चिवड्यातले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप बाजूला काढा. बेसनाचा, रव्याचा लाडू, चिरोटे, करंजी खुशाल. डिंकाचा लाडू नको. पेरू, सफरचंद, गाजर बंद करायचे नाही, पातळ फोडी करून दाढांनी खायला सांगा, कारण समोरच्या दातांनी तोडण्यातच ब्रॅकेट जाते. आवळा, बोरे, खारका, सुपारी, फुटाणे नको. ज्वारीची भाकरी ताजी आणि मऊ असेल तर घासाएवढे तुकडे करून चालते. कडक पापुद्रा आणि शिळी कुरकुरीत भाकरी नाही. खजूर, टॉफी, च्युइंगम हे चिकटून ब्रॅकेट ओढतात.

निघाल्यावर काय करायचे : तारेवर सरकणारे ब्रॅकेट ओढून काढू नका, मेण लावून जागेवर ठेवा. सुटून हातात आले तर डबीत घालून न्या, कधी कधी तेच परत बसते. आधी फोन करा, कारण चिकटवायला जादा वेळ लागतो आणि न सांगता गेलात तर नुसतीच तपासणी होऊन दुसरी फेरी पडते. ब्रॅकेट गिळले तर बहुतेक वेळा शौचावाटे निघून जाते. पण खोकला थांबत नसेल किंवा श्वास लागत असेल, तर लगेच रुग्णालयात न्या.

तार ब्रॅकेटला धरून ठेवणाऱ्या पारदर्शक रबरी रिंगा चार दिवसांत पिवळ्या झाल्या. मुलगी वर्गात हसत नाही.
— कोल्हापूर

हळदीने. आमटी, भाजी, फोडणीचा भात सगळ्यात ती असते आणि रबर रंग शोषते. दात किंवा ब्रॅकेट खराब झालेले नाही, पुढच्या भेटीला रिंगा बदलतात. तेव्हा करड्या किंवा गडद निळ्या मागा, त्यांवर डाग दिसत नाही. पांढरी, पारदर्शक आणि फिकट गुलाबी रिंग आपल्या जेवणात टिकत नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या घरात तर नाहीच! लिंबू किंवा खायचा सोडा घासून डाग काढायला जाऊ नका, रबर तसेच राहते आणि दात झिजतो. मोठा समारंभ असेल तर रिंगा त्याच्या एक-दोन दिवस आधी बदलता येतील अशी वेळ घ्या.

मुलगा वसतिगृहात असतो. सुट्टीत आला तेव्हा ब्रॅकेटभोवती पांढरे पट्टे दिसले. कीड आहे का?
— अमरावती

किडीची पहिली पायरी आहे. ब्रॅकेटच्या कडेला अन्नाचा थर साचतो, त्यातले जंतू आम्ल करतात आणि दाताच्या कवचातले क्षार निघून जातात. हे एका महिन्यातसुद्धा दिसू लागते. तार काढल्यावर ब्रॅकेटच्या जागी चौकोन आणि भोवती पांढरी चौकट उरते, आणि ती पुरती जात नाही. म्हणून हे पत्र आम्ही फार गंभीरपणे घेतो. लगेच दाखवा. डॉक्टर फ्लोराइडचा लेप देतील. हिरड्याही सुजल्या असतील तर तार काही महिने काढून ठेवण्याचा निर्णयही कधी घ्यावा लागतो.

घासण्याची पद्धत : ब्रश आधी तारेच्या वर, तिरका खाली वळवून, मग तारेच्या खाली, तिरका वर वळवून. प्रत्येक दातावर दोन्ही बाजूंनी. एका वेळी चार मिनिटे, आरशासमोर. मग बाटली घासायच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश तारेखालून दोन ब्रॅकेटच्या मधे, वरून एकदा आणि खालून एकदा. हा एक ब्रश साधा धुऊन आठवडाभर वापरता येतो, केस वाकले की टाकावा. साधा मऊ ब्रश तारेमुळे लवकर फिसकटतो, सहा ते आठ आठवड्यांत बदला. महागडा विजेचा ब्रश लागतोच असे नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर डॉक्टर सांगतील तो ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचा माउथवॉश घ्या. रोज एकदा, एक मिनिट खळखळून थुंकायचा, अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. टूथपेस्ट फ्लोराइडची हवी, वेष्टनावर पीपीएमचा, म्हणजे फ्लोराइडच्या प्रमाणाचा, आकडा पाहा. मंजन, कोळशाची पूड, मिश्री नाही. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश स्वतःहून चालू ठेवू नका, दोन आठवड्यांवर गेला की दात तपकिरी होतात.

वसतिगृहात दुपारी ब्रश करणे जमत नाही, हे आम्ही जाणतो. निदान जेवल्यावर जोरात तीन-चार चुळा, आणि रात्रीचे घासणे न चुकता. घरच्यांनी रविवारी व्हिडिओ कॉलवर बॅटरी लावून दात दाखवायला सांगावे. खाऊच्या डब्यात बिस्किटे आणि गोळ्या पाठवू नका. शीतपेये आणि उसाचा रस आठवड्याकाठी एकदा, तोही जेवणाबरोबर.

वरच्या ब्रॅकेटपासून खालच्या ब्रॅकेटला लावायचे रबर मुलगी शाळेत काढून ठेवते. रात्री दोन-दोन लावले तर चालेल?
— पनवेल

नाही. दुप्पट जोराने दात दुप्पट वेगाने सरकत नाही, दुखतो, आणि मुळांना इजा होऊ शकते. दात हलायला अखंड हलका दाब लागतो, म्हणून साधारण २२ तास सांगतात. जेवताना आणि दात घासताना काढायचे, एवढेच. रबर ताण धरत नाही, म्हणून रोज नवे. पाकिटावर आकार आणि ताकद लिहिलेली असते, काही कंपन्या प्राण्याचे चित्र छापतात. संपले की तेच चित्र मागा, जवळपासचे नको. एक पाकीट कंपासपेटीत ठेवा. मुलीला आरशाशिवाय लावता येत नसेल तर प्लास्टिकचा छोटा हूक दवाखान्यात मिळतो. शाळेत काढण्यामागे बऱ्याचदा एवढेच कारण असते.

बँकेची बदली नांदेडहून ठाण्याला झाली. तार बसून आठ महिने झाले, निम्मे पैसे भरले आहेत.
— एक वडील

निघण्याआधी डॉक्टरांकडून घ्या : उपचाराचा आराखडा आणि आतापर्यंत काय झाले याचे पत्र, सुरुवातीचे एक्स-रे आणि फोटो, दातांचे साचे किंवा स्कॅनची फाइल, ब्रॅकेटचा प्रकार आणि सध्याच्या तारेचे माप, भरलेल्या पैशांच्या पावत्या. ब्रॅकेटचा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. नव्या डॉक्टरांना तीच पद्धत चालली तर ब्रॅकेट बदलावी लागत नाहीत, नाहीतर तो सगळा खर्च पुन्हा होतो. ठाण्यातल्या दोन-तीन तज्ज्ञांना ही कागदपत्रे आधीच पाठवून ‘उरलेल्या कामाचे किती’ असे विचारा. भरलेली रक्कम झालेल्या कामापेक्षा जास्त असेल, तर फरक परत मागणे रास्त आहे. नवी भेट सहा आठवड्यांच्या आत लावा. उपचार संपत आला असेल आणि तीन-चारच महिने उरले असतील, तर नांदेडला फेऱ्या मारून तिथेच पुरे करणे स्वस्त पडते का, तेही पाहा.

मुलाने पारदर्शक रिटेनर लग्नाच्या पंगतीत कागदी रुमालात गुंडाळून ठेवला, तो गेला. दात तर सरळच आहेत. नवा करायलाच हवा का?
— डोंबिवली

हवा, आणि याच आठवड्यात. तार काढल्यावर दाताभोवतीच्या हिरडीतले ताणलेले धागे दाताला जुन्या जागी ओढत राहतात. ते निवळायला वर्षाहून अधिक लागते. तार काढून थोडेच महिने झाले असतील तर काही दिवसांतही फरक पडतो.

आधी दवाखान्यात विचारा की मागच्या वेळचा साचा किंवा स्कॅन ठेवला आहे का. दात हलले नसतील तर त्याच साच्यावर नवा रिटेनर होतो, माप पुन्हा घ्यावे लागत नाही. त्याच वेळी एक जादा करून घ्या. साचा हाती असताना दुसरा सहसा स्वस्त पडतो. साचा घरी न्यायला मिळाला तर नाव आणि तारीख घालून कपाटात ठेवा. नवा मिळेपर्यंत जुना, सैल किंवा चिरलेला रिटेनर असेल तर डॉक्टरांना दाखवून तोच वापरता येतो का ते पाहा. घट्ट बसत असेल पण पूर्ण खाली जात असेल तर चालतो, अर्धवट राहत असेल तर जोराने दाबू नका.

पुढे रिटेनर तोंडात किंवा डबीत, तिसरी जागा नाही. डबी भडक रंगाची घ्या आणि वर फोन नंबर लिहा. धुण्याला साधे पाणी, मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो. टूथपेस्टने तो ओरखडतो आणि गरम पाण्याने वाकतो. गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवला तरी वाकतो. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर.